डी ड्राइव्हमधली चौतीस माणसे

सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि साताऱ्यातल्या एका छापखान्यात देखरेखीचे काम पत्करले. घरी बसणे मला जमले नसते. छापखाना लहान होता. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, क्वचित एखादे पुस्तक, एवढाच त्याचा व्याप. कामगारांची वेळ, कागदाचा साठा आणि गिऱ्हाइकांना दिलेले वायदे सांभाळणे हे माझे काम होते. मी ते कडकपणे केले. माझ्यामागे मला काय म्हणत, हेही मला ठाऊक होते.

१९९३ साली मालकांनी सांगलीच्या एका विक्रेत्याकडून संगणक घेतला. खिळे जुळवणारे दोन जुने जुळारी तेव्हाच घरी गेले. त्यांच्या जागेवर लाकडी पार्टिशन घालून एक खोली केली. खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. काम संपले की यंत्रावर प्लास्टिकचे आवरण चढे. खंडेनवमीला कटिंगच्या मशीनबरोबर त्यालाही झेंडूचा हार पडे. आज हे सांगितले तर नातवंडे हसतात. त्या खोलीत एक विशिष्ट वास असे. तापलेल्या धुळीचा, नव्या प्लास्टिकचा आणि शेजारून येणाऱ्या शाईचा. तो वास आता कुठेच येत नाही.

यंत्राची हार्ड डिस्क पाचशे चाळीस एमबीची होती. विक्रेत्याने तिचे दोन भाग केले होते. सी या भागात यंत्र चालवणारी व्यवस्था होती. डी या भागात मराठीचा प्रोग्रॅम, त्याचा फाँट आणि आमचे टाइप केलेले सगळे काम असे. हे दोन भाग का केले, ते त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

यंत्रावर एक बाई टाइप करत. मूळच्या सांगलीच्या, लग्न होऊन साताऱ्यात आलेल्या. हात वेगवान, बोलणे मोजके. तीन वर्षांत त्यांना बोलण्याचा प्रसंग माझ्यावर दोनदाच आला, आणि दोन्ही वेळा चूक माझी निघाली.

आता माझ्या मित्राविषयी. तो माण तालुक्यातला, म्हसवडच्या पलीकडच्या एका बौद्ध वस्तीतला. मी साताऱ्याच्या पेठेतला. आम्ही एकाच तुकडीत अकरा वर्षे काढली आणि एकाच लंगरात जेवलो. तो हवालदार होऊन घरी परतला. त्याच्या वस्तीतून आणि आजूबाजूच्या वाड्यांतून जी माणसे सैन्यात गेली, त्यांची हकीकत लिहून ठेवायची, असे त्याने मनात घेतले. कोणत्याही सरकारी कागदात त्यांच्या भरतीच्या नोंदीपलीकडे काही सापडणार नव्हते. मेलेल्यांविषयी ऐकीव काही लिहायचे नाही, जिवंत माणसाच्या तोंडून ऐकायचे, असा त्याचा नियम होता. अशी चौतीस माणसे त्याने गाठली आणि प्रत्येकाची हकीकत कागदावर उतरवून घेतली.

ती माणसे कागदाला भीत. अंगठा दिलेला कागद दुसऱ्याच्या हातात राहिला की काय होते, हे त्यांच्या घरांनी पूर्वी पाहिलेले होते. म्हणून मित्राने प्रत्येकाला शब्द दिला की छापखान्यात टाइप झाले की तुझा कागद तुला परत. तो शब्द त्याने पाळला. दर शनिवारी तो एसटीने साताऱ्याला येई, एकेका माणसाचा मजकूर टाइप करून घेई, तपासून घेई आणि पुढच्या आठवड्यात मूळ कागद त्या माणसाच्या हाती देई. काही कागद मुंबईला मुलांकडे गेले, काही पत्र्याच्या पेटीत गेले, काही चुलीत गेले असतील. तपासून झालेले प्रूफ मी तिथेच फाडत असे. जुने आणि दुरुस्त केलेले एकमेकांत मिसळू नये, हा माझा नियम होता. त्यामुळे चौतीस माणसांची हकीकत एकाच ठिकाणी उरली होती. डी ड्राइव्हमध्ये.

पुस्तक बुद्धपौर्णिमेला विहारात वाचायचे ठरले होते. घाई एका माणसासाठी होती. चौतिसांतला सर्वांत वयस्कर, नव्वदीचा म्हातारा. दुसऱ्या महायुद्धात तो परदेशी वाळवंटात विहिरी खोदणाऱ्या तुकडीत होता. दृष्टी गेलेली होती. मित्र भेटला की तो एकच विचारी.

“माझं पान छापलं का?”

“छापतुया बाबा.”

“मी हाय तवर छाप. मागनं छापून कुणाला ऐकवतोस?”

हे मित्राने मला सांगितले तेव्हा मी म्हणालो, “वेळेत होईल.” वायदा दिला की पाळायचा, ही माझी ख्याती होती.

१९९७ च्या जानेवारीत टाइप करणाऱ्या बाईंच्या यजमानांची बदली सांगलीला झाली आणि त्या गेल्या. नवी व्यक्ती मिळेपर्यंत यंत्राची जबाबदारी माझ्याकडे आली. त्याच सुमारास मालकांनी पाने जुळवण्याचा एक नवा प्रोग्रॅम आणला. तो सीमध्ये मावेना. डी अर्धा रिकामा होता. दोन्ही भाग पुसून एकच मोठा भाग करावा, असे मी ठरवले. विक्रेत्याने दिलेल्या सूचनांची झेरॉक्स प्रत कपाटात होती. मी ती तीनदा वाचली.

मित्र त्या शनिवारी आलेला होता. चपला काढून दाराशी उभा राहिला.

“काय चाललंय सुभेदारसाहेब?”

“दोन भाग आहेत, ते एक करतो आहे.”

“बांध फोडायचा म्हण की.”

“तसे समज.”

“बांध फोडला की भावकीत भांडण लागतंय रं.”

“इथे भावकी नाही. मी एकटाच आहे.”

“त्येच म्हणतोय गड्या. भांडायला बी कोण न्हाई, सांगायला बी कोण न्हाई.”

मी त्याला बाकावर बसायला सांगितले.

काम मी रीतीने केले. डीमधल्या सर्व फायली फ्लॉप्यांवर उतरवल्या. एक नव्हे, दोन संच केले. फायलींची यादी काढून प्रत्येक नावापुढे तिचा आकार लिहिला आणि फ्लॉपीवरच्या आकाराशी तो ताडून पाहिला. एकही फरक निघाला नाही. दोन्ही संचांवर लाल पेन्सिलीने तारीख घातली. मराठीचा प्रोग्रॅम आणि फाँट मी उतरवले नाहीत. ते विक्रेत्याने दिलेले अवजार होते, आमचा माल नव्हता, आणि त्यांच्या मूळ फ्लॉप्या कपाटात होत्या. त्याही मी मोजल्या. सहाच्या सहा होत्या. कोठारात माल मोजून घ्यायचा, मग कुलूप लावायचे आणि सही करायची, हे मी बत्तीस वर्षे केलेले काम होते. मोजले की संपले.

मग यंत्र बंद करून फ्लॉपीवरून चालू केले. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे आली. एफडिस्क नावाच्या त्या प्रोग्रॅममध्ये चार पर्याय होते, त्यांतला तिसरा पुसण्याचा. पुसण्याला क्रम होता. जे शेवटी बांधले ते आधी पाडायचे. आधी डी, मग ज्या मोठ्या भागात तो डी होता तो भाग, मग सी. क्रम चुकला तर यंत्र ऐकत नसे. मला ते आवडले.

डी पुसायच्या आधी यंत्राने त्याचे नाव विचारले. प्रत्येक भागाला विक्रेत्याने एक नाव दिलेले होते आणि ते स्वतःच्या हाताने टाइप केल्याखेरीज भाग पुसला जात नसे. माणसाने आपण काय पुसतो आहोत ते एकदा तरी लिहावे, असा त्यामागे हेतू असावा. मी सूचनांच्या कागदावर पाहिले. इंग्रजी अक्षरांत मराठी असे नाव होते. मी ते एकेक अक्षर शोधून लिहिले. खात्री आहे का, असे यंत्राने विचारले. मी वाय दाबला.

काही आवाज झाला नाही. इतके मोठे काम आवाजाशिवाय होते, याचे त्या वेळी नवल वाटले.

संध्याकाळपर्यंत सगळे नव्याने भरून झाले. शेवटी मराठीच्या सहा फ्लॉप्या घेतल्या. पहिली चालली. दुसरीवर यंत्र खर्रखर्र करू लागले आणि थांबले. मी ती बाहेर काढून तिच्यावरची पत्र्याची झडप सरकवून पाहिली. आतल्या काळ्या चकतीवर पांढरी बुरशी होती. तिसरीवर, पाचवीवरही होती. चार पावसाळे त्या कपाटात पडून होत्या. मी त्या दरवर्षी मोजत होतो.

माझ्या दोन संचांतल्या फायली मात्र उघडल्या. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस, आकडे आणि टिंबे यांची रांग उभी राहिली. मित्र मागे येऊन उभा होता.

“ही कुठली भाषा म्हणायची? इंग्रजी न्हाई. कानडी बी न्हाई.”

“मराठीच आहे. फाँट नाही, म्हणून दिसत नाही.”

“मग दाव की फाँट.”

“तो पुसला.”

त्याने पडद्यावर बोट ठेवले. मग म्हणाला, “चौतीसच्या चौतीस?”

“हो.”

“बाबाचं बी?”

“हो.”

त्याने मला शिवी दिली असती तर बरे झाले असते. त्याने चपला घातल्या आणि स्टँडवर गेला.

सोमवारी मी सांगलीच्या विक्रेत्याला एसटीडी बूथवरून फोन केला. त्याने संगणकाचा धंदा सोडून केबलचा धंदा धरला होता. तो फाँट त्याच्या एका सोबत्याने स्वतः बनवलेला होता. सोबती परदेशी गेला होता. दुसऱ्या कोणाकडे तो असण्याचा संभव नव्हता. साताऱ्यातल्या दोन छापखान्यांतले मराठी फाँट मी आणून लावून पाहिले. प्रत्येकाने अक्षरे आपापल्या मर्जीने कळांवर बसवलेली होती. आमच्या फायलींतून काहीतरी मराठी दिसे, पण तिला अर्थ नसे. इंग्रजी अक्षरांपेक्षा ते वाचणे अधिक वाईट होते.

पुढच्या शनिवारी मित्र आला. तो येईल असे मला वाटले नव्हते. मी त्याला पुढे बसवले आणि म्हणालो, “चूक माझी आहे.”

“त्ये म्हाईत हाय. पुढचं बोल.”

पुढचे असे होते. परत दिलेले कागद पुन्हा मागायला किंवा तीच हकीकत पुन्हा विचारायला मित्र तयार नव्हता. कोणती कळ दाबली की कोणते अक्षर उमटते, हे एकाच व्यक्तीला ठाऊक होते. मी फायली तशाच इंग्रजी अक्षरांत छापून घेतल्या आणि आम्ही दोघे सांगलीला गेलो.

बाईंचे बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर होते. त्यांनी चहा ठेवला आणि मी छापलेली पाने टेबलावर मांडली. त्यांनी पाहिले.

“काका, फाँट उतरवून घेतला नाहीत?”

“नाही.”

“आणि पडद्याशेजारी मी कळांचा तक्ता चिकटवला होता, तो?”

“काढून टाकला. खोली नेटकी दिसेना.”

मित्र चहाच्या बशीकडे पाहून म्हणाला, “ताई, ह्यांनी लढाईत एकबी माणूस गमावला न्हाई बगा. सगळी इथं घालवली.”

त्या हसल्या. मीही हसलो असेन.

मग अडचण निघाली. मी विचारले, इंग्रजी के म्हणजे कोणते अक्षर? त्या विचारात पडल्या. मग डी? सांगता येईना. तीन वर्षे त्यांनी कळांकडे पाहिलेच नव्हते. “मला पाठ नाही हो काका. बोटांना आहे.” थोड्या वेळाने त्यांनी टेबलावरचे कप बाजूला केले, दोन्ही हात प्लास्टिकच्या कापडावर ठेवले आणि डोळे मिटले. “तुम्ही इंग्रजी अक्षरे वाचा. एकेक. घाई नको.”

मी पहिले पान उचलले. मित्राने ते माझ्या हातून काढून घेतले.

“पयलं बाबाचं.”

“क्रमाने घेऊ. ते एकविसावे आहे.”

“तुझ्या क्रमानंच इथवर आलोय गड्या.”

मी एकविसावे पान घेतले.

मी अक्षर वाचायचे, बाईंचे एक बोट रिकाम्या टेबलावर एका जागी पडायचे आणि त्या म्हणायच्या, “प.” किंवा “काना.” किंवा “थांबा, ही पहिली वेलांटी. ती आधी येते, अक्षर मागून.” मित्र वहीत लिहायचा. पहिल्या ओळीला पाऊण तास लागला. वेलांटी आधी येते हे त्याच्या ध्यानात राहीना, आणि तो ती अगोदर लिहिलेल्या अक्षराला लावी. चार वेळा खोडले. मग त्याने ओळ वाचून दाखवली: ‘आमी इहिरी खांदायच्या कामावर हुतो.’ बाईंनी डोळे उघडले. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता.

ते एक पान व्हायला दुपार गेली. दुसऱ्या दिवशी कोणत्या कळेला कोणते अक्षर याचा तक्ता पुरा झाला. त्यानंतरचे काम साताऱ्यात आम्ही दोघांनी केले. मी वाचायचो, तो लिहायचा, आणि मग नव्या प्रोग्रॅमवर मी एका बोटाने टाइप करायचो. फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत हे चालले. तो बुधवारीही येऊ लागला. येताना भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणी. जेवताना आम्ही त्या माणसांविषयी बोलत असू. ती मला ओळखीची झाली. हकीकत अक्षर-अक्षर करून वाचली की कोणता माणूस कुठे अडखळला तेही कळते. माझ्या निवृत्तीनंतरचे दिवस मोजायला बसलो तर त्या बुधवार-शनिवारांइतके भरलेले दिवस दुसरे सापडत नाहीत. ज्या कारणाने ते मिळाले त्याचे समाधान मानता येत नाही, एवढेच.

बुद्धपौर्णिमा चुकणार हे एप्रिलात स्पष्ट झाले. मित्र म्हणाला, छापलेले नाही तर नाही, बाबाला वहीतले वाचून दाखवू. आम्ही म्हसवडला एसटीने गेलो आणि पुढे चालत. ऊन तापलेले होते. म्हातारा छपराखाली घोंगडीवर बसला होता.

“कोण?”

“मी हाय बाबा. संगं माझं सुभेदार हायेत.”

“छापलं?”

मित्राने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “नाही बाबा. माझ्या हातून ते पुसले गेले. पुन्हा जुळवले आहे. छापायला वेळ लागेल.”

“पुसलं? पाटीवर लिवलं हुतं काय?”

“तसेच समजा.”

“वाच.”

मित्राने वाचायला सुरुवात केली. जहाज, वाळू, उंटांची रांग, दोन कोरड्या विहिरी. म्हातारा मान खाली घालून ऐकत होता. ओठ हलत होते. तिसऱ्या विहिरीला चाळीस फुटांवर गोड पाणी लागले, असे मित्राने वाचले, तेव्हा त्याने हात वर केला.

“गोड कुठलं? खारं हुतं.”

मित्र थांबला.

“खारं लागलं म्हणून तर सायेब तळ हलवून निगाला. गोड लागलं असतं तर तितंच नसतो का ऱ्हायलो?”

“तुमी प्यालासा का त्ये, बाबा?”

“प्यालो की. माणातल्याला खाऱ्याचं काय. सायबानं थुकलं, आमी पखाली भरल्या.” तो थोडा हसला. “छापलं न्हाई न्हवं अजून? मग खोड त्ये.”

मित्राने वहीत गोड खोडून खारे लिहिले. पुढचे वाचून झाल्यावर म्हाताऱ्याने पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचायला लावले. निघताना त्याने माझा हात चाचपून धरला आणि म्हणाला, “सुभेदार, आता पुसू नका बरं.” “नाही पुसणार,” मी म्हणालो.

परतीच्या बसमध्ये मित्र खिडकीकडे तोंड करून बसला होता. दहिवडी मागे पडल्यावर तो बोलला.

“बाबानं तवा बी खारंच सांगितलं हुतं. मी गोड केलं. वाचायला बरं वाटतंय म्हणून.”

त्या वर्षी चुकांविषयी बोलण्याची माझी पत नव्हती.

म्हातारा आषाढात गेला. पुस्तक निघाले तेव्हा थंडी पडली होती. विहारात सतरंजीवर माणसे दाटून बसली होती, मुंबईहूनही काही आली होती. मित्राने भाषणात सांगितले की छपाईला उशीर झाला म्हणून एक पान दुरुस्त झाले, नाहीतर चुकीचे छापले गेले असते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उशीर कोणामुळे झाला ते त्याने सांगितले नाही. त्या उशिरात म्हाताऱ्याचे छापलेले पान त्याच्या हाती द्यायचे राहून गेले, हेही नाही. मी मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसलो होतो. तिथे उठून ते सांगायला हवे होते. मी उठलो नाही. मित्रही आता नाही, म्हणून इथे लिहितो आहे.